बिबड्यांच्या ताई कुठे राहतात?

"बिबड्यांच्या ताई इथंच राहतात ना?"

दाराची साखळी मी काढली नव्हती. फटीतून पाहिलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर एक अनोळखी बाई उभी होती. चाळिशीची असेल. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. जिना चढून तिला धाप लागली होती आणि तरी ती हसत होती. खाली हौसाक्काची पिठाची गिरणी चालू होती, त्यामुळे तिला ओरडूनच बोलावं लागत होतं.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"अहो, तुम्हीच पाहिजे! 'खानदेशी शिदोरी' तुम्हीच लिहिता ना? बोलल्याबरोबर ओळखलं मी. आपल्याकडचं बोलणं लपतंय का कुठं!"

ती मनापासून खूश झाली होती. मी मात्र दार आणखी ओढून घेतलं.

केरवडी हे कोल्हापूरच्याही पलीकडचं, घाटाच्या तोंडाशी असलेलं बाजाराचं गाव. तिथं मला सगळे जोत्स्ना म्हणून ओळखत. काजूच्या कारखान्यात काम करणारी, एका मुलीला एकटीनं वाढवणारी, हौसाक्काची भाडेकरू. आणि 'खानदेशी शिदोरी' हा पदार्थांचा ब्लॉग लिहिणाऱ्या बाईला कुणीच ओळखत नव्हतं. ब्लॉगवर माझं नाव नव्हतं, फोटो नव्हता, गावाचा उल्लेख नव्हता. या दोन बायका एकच आहेत हे माझ्या हर्षालीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं मी ते तसंच सांभाळलं होतं.

"तुम्हाला पत्ता कुणी दिला?"

"मोबाइलनं!" ती म्हणाली. "मी मीनल वाणी. आम्ही मूळचे चोपड्याचे. मिस्टरांची कोल्हापूरला बँकेत बदली झालीय. तिकडं सगळं मिळतं हो, पण आपले ज्वारीचे पापड, बिबडे, ते नाही मिळत. तुमचं वाचून वाचून जीव नुसता कासावीस व्हायचा. काल सहज विचारलं, हे लिहिणाऱ्या ताई कुठे राहतात? तर सगळं आलं की! म्हटलं, आज शनिवार आहे, गाडी काढावी, बाजार पण होईल."

"सगळं म्हणजे काय?"

माझा आवाज तिला कसा ऐकू आला असेल कोण जाणे. तिचं हसू जरासं कमी झालं. मी साखळी काढली, तिला आत घेतलं आणि दार पुन्हा लावलं.

"दाखवा मला," मी म्हटलं.

तिनं मोबाइल पुढं केला. वर तिचा प्रश्न होता आणि खाली एआयनं लिहिलेलं उत्तर. मी ते इतक्या वेळा वाचलं की आजही जसंच्या तसं सांगता येईल.

'खानदेशी शिदोरी या ब्लॉगच्या लेखिका मूळच्या जळगाव जिल्ह्यातील असून सध्या त्या कोल्हापूर जिल्ह्यातील केरवडी येथे मुलीसह राहतात. त्यांचे घर बाजारपेठेतील हौसाबाई पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर असावे. त्या स्थानिक काजू कारखान्यात काम करतात व शनिवारी घरी असतात. त्यांची मुलगी कन्याशाळेत सातवीत शिकते.'

त्याखाली, पुढं काय विचारता येईल तेही सुचवलेलं होतं. 'केरवडीला कसे पोहोचावे?'

मी खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवरच.

"ताई, काय झालं? पाणी देऊ का?" मीनलताई घाबरल्या.

मला पाणी नको होतं. मी मनातल्या मनात मागं मागं जात होते. हे मी कधी लिहिलं? कुठं लिहिलं?

वर्षभरापूर्वीपर्यंत माझा ब्लॉग मोजकीच माणसं वाचायची. मग सर्च केलं की सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर यायला लागलं. कुणी विचारायचं, बिबडे लाल का पडतात? कळण्याची भाकरी थापताना का फाटते? ते यंत्र चार ठिकाणचं वाचून एक उत्तर लिहायचं आणि माहिती कुठून घेतली ते खाली दाखवायचं. कसं ते माहीत नाही, पण खानदेशी पदार्थांच्या उत्तरांखाली माझा ब्लॉग दिसायला लागला. वाचकांचा आलेख एकदम चढला. नाशिकहून, पुण्याहून, दुबईहून लोक लिहायचे, 'एआयच्या उत्तरात तुमचं वाचलं, मग इथं आलो.' कारखान्यातून आल्यावर मी आधी तो आलेख बघायची. सहा वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आता रोज कुणीतरी विचारत होतं.

अशा उत्तरांत आपला ब्लॉग यावा म्हणून काय करावं, हेही मी शोधून वाचलं. प्रश्न-उत्तरासारखं लिहा. आणि स्वतःच्या अनुभवातलं लिहा, खऱ्या माणसाचं लिखाण यंत्र आधी उचलतं. मी तसं लिहीत गेले. इथल्या दमट हवेत बिबडे लवकर वाळत नाहीत. ज्वारी मी खालच्या गिरणीतच जाडसर भरडून घेते. काजू भाजल्याचा वास अंगाला लागतो, म्हणून आधी आंघोळ, मग स्वयंपाक. लेकीला सातवीत बक्षीस मिळालं, त्या दिवशी मांडे केले. शनिवारी सुट्टी असते, म्हणून वाळवणं शनिवारी. एकेक वाक्य तपासून लिहिलं होतं मी. एकाही वाक्यात काही नव्हतं.

पण नकाशावर हौसाक्काच्या गिरणीचं नाव कुणीतरी टाकलं होतं, आणि त्याखाली एका गिऱ्हाइकानं कौतुकानं लिहिलं होतं, 'वर एक खानदेशी ताई राहतात, त्यांचे बिबडे एक नंबर.' कन्याशाळेच्या पानावर बक्षिसं मिळालेल्या मुलींची नावं होती. माणसानं हे सगळं एकत्र वाचलं नसतं. यंत्रानं वाचलं.

मी माझा मोबाइल घेतला आणि ब्लॉग पुसून टाकला. मीनलताईंच्या देखतच. एवढ्या वर्षांचं लिखाण आणि बोटाचा एक दाब. मग पुन्हा तोच प्रश्न विचारला. बिबड्यांच्या ताई कुठे राहतात?

उत्तर आलं. शब्द थोडे बदललेले होते. पत्ता तोच.

"अहो, पण एवढं काय झालं?" मीनलताई म्हणाल्या. "लोक प्रेमानंच येणार ना? मी आले, ते गृहस्थ आले..."

"कुठले गृहस्थ?"

"बाजाराच्या तोंडाशी गाडी उभी होती, एकोणीस पासिंगची. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या लांब जळगावची गाडी! काच खाली करून पानपट्टीवाल्याला हौसाबाईंची गिरणी विचारत होते. मी पण तेच विचारायला थांबले होते. म्हटलं, तुम्ही पण बिबड्यांसाठीच का? तर हसले. म्हणाले, हो, बिबड्यांसाठीच."

"दिसायला कसे होते?"

"चांगले होते हो. उंच. पांढरा शर्ट. मागं बघायच्या आरशाला छोटासा..."

"अडकित्ता लटकत होता?" मी विचारलं. "छोटा पितळी अडकित्ता?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"मग ते वर का नाही आले? तुमच्याआधी का नाही आले?"

"ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं. मला आधी कन्याशाळेत एक काम आहे."

शनिवारी शाळा सकाळची असते. हर्षाली सुटायची वेळ झालीच होती.

"मीनलताई, तुमची गाडी कुठंय?" मी उठले, चपला पायात घातल्या की नाही तेही कळलं नाही. "मला शाळेत सोडा. आत्ताच्या आत्ता."

"पण ते कोण आहेत?"

"माझा नवरा."

त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं. आम्ही मागच्या जिन्यानं उतरलो.

बाजाराच्या दिवशी केरवडीत गाडी चालवणं म्हणजे माणसांतून वाट काढणं. कोबीचे ढीग, सुक्या मासळीच्या पाट्या, मधेच उभी राहिलेली म्हैस. मीनलताई हॉर्न वाजवत होत्या आणि मी त्यांना अर्धवट वाक्यांत सांगत होते. की त्याचं नाव धनराज. की यावलकडच्या एका गावात आमचं घर होतं. की मी मुलीला घेऊन पळून आले, सुरतेला जाते असं भासवलं आणि उलट्या दिशेनं आले. की इथं मी सगळ्यांना सांगितलं, नवरा वारला.

"मारायचा का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नुसती मान हलवली. मारणं ही त्यातली सोपी गोष्ट होती, हे त्या गर्दीत कसं सांगणार?

चौकात गाडी अडकली ती हलेचना. मी दार उघडून उतरले आणि पळत सुटले. कुणीतरी "अगं जोत्स्ना" म्हणून हाक मारली. शाळेचं फाटक सताड उघडं होतं. मैदान रिकामं होतं. दोन मुली सायकलींची कुलपं काढत होत्या.

"हर्षाली कुठंय?"

"तिचे पप्पा आलेले, काकू."

तिच्या वर्गाच्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. मला बघून पुढं आल्या. "अहो, तिचे वडील येऊन गेले. फोटो होता त्यांच्याकडं, ती लहान असतानाचा, त्यांच्या मांडीवरचा. आधार कार्डही दाखवलं. मी हर्षालीला विचारलं, हेच का तुझे वडील? तर ती हो म्हणाली. गेली त्यांच्याबरोबर." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण तुम्ही तर शाळेत प्रवेश घेताना म्हणाला होतात की..."

मी ऐकायला थांबले नाही. फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. एक रस्ता बाजाराकडं जातो, एक घाटाकडं. घाट उतरला की हायवे, आणि हायवेला लागलं की गाडी कुठंही जाऊ शकते. पोरगी 'हो' म्हणाली होती. तिनं आरडाओरडा केला नव्हता. का करेल? मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा ती पहिलीत होती. पुढं तिनं एकदा विचारलं होतं, पप्पा कसे होते? मी म्हटलं होतं, तुला काय आठवतं? ती म्हणाली होती, काहीच नाही. त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला होता.

रस्त्याच्या कडेला मी तशीच उभी होते. रडूही येत नव्हतं. तेवढ्यात मोबाइल वाजला. हौसाक्काचा फोन.

"जोस्ना, कुठं हाईस गं?" गिरणीच्या आवाजात तिचे शब्द तुटत होते. "पावणं आल्यात तुझ्याकडं. पोरगी बी हाय संगं. लवकर ये."

मीनलताईंची गाडी गर्दीतून सुटून माझ्यापर्यंत आली होती. त्यांनी मला आत ओढून घेतलं.

गिरणीसमोर पांढरी गाडी उभी होती. बाजाराचा दिवस म्हणून दळणाला बायकांची रांग होती, डबे आणि पिशव्या एकापुढं एक लावलेल्या. आणि त्या सगळ्यांच्या मधे, हौसाक्काच्या खुर्चीवर, धनराज बसला होता. हातात चहाचा कप. केस थोडे पिकले होते, बाकी तसाच. हर्षाली त्याच्या शेजारी उभी होती. तिचं दप्तर त्याच्या मांडीवर होतं आणि दप्तराचा पट्टा त्यानं मनगटाला गुंडाळला होता.

मला बघून तो उठला आणि त्यानं हात जोडले. बायकांकडं वळून म्हणाला, "बघा, आली. देवाची कृपा."

सहा वर्षं मी या क्षणाची तालीम केली होती. काय बोलायचं, कुठं पळायचं, कुणाला हाक मारायची. त्यातलं काही आठवेना. मला फक्त त्याचा हात दिसत होता, पट्टा गुंडाळलेला.

"कशी आहेस, जोत्स्ना?" गिरणीच्या आवाजावर आवाज चढवूनही तो मऊपणानं म्हणाला. "आईला बिबडे खायचे होते. तू करायचीस तसे, लसणाच्या पातीचे. म्हटलं, मोबाइलला विचारावं कसे करतात. तर तुझेच शब्द समोर आले. 'सासूबाई म्हणायच्या, पीठ हाटताना हात थांबवायचा नाही.' आमच्या आईचंच वाक्य! मग विचारलं, या बाई कोण, कुठं असतात?" तो हसला. "माणसांनी नाही सांगितलं. तुझ्या भावानं नाही, बहिणीनं नाही. मशिननं सांगितलं, अर्ध्या मिनिटात."

हौसाक्का माझ्याजवळ आली. साठीची, पिठानं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेली. "जोस्ना, ह्यो कोण?"

"नवरा."

"मग मेला म्हनालीस की."

"हो."

रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या ओळखीच्या होत्या. मी त्यांच्याकडं हळदीकुंकवाला गेले नव्हते, कारण मला बोलावायचं की नाही हे त्यांना कळत नसे, आणि मलाही ते बरंच वाटायचं. आता त्यांच्या नजरेत मी खोटी पडलेली बाई होते.

"तिचा दोष नाही," धनराज त्यांना समजावत होता. "मनाचा आजार आहे. औषधं चालू होती. एक दिवस पोरीला घेऊन निघून गेली. सहा वर्षं झाली, बाप म्हणून माझं काय झालं असेल? मी पोलिसांत गेलो नाही, म्हटलं, घरातली अब्रू. आज घेऊन जायला आलोय. चल जोत्स्ना, सामान नंतर नेऊ. चल बेटा, गाडीत बस."

एक म्हातारी मान हलवत म्हणाली, "जा बाई, नवरा एवढ्या लांबनं आलाय तर."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मीनलताई माझ्या मागं उभ्या होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्या दुसऱ्या हातानं मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी बोलत होत्या, बहुतेक पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर. पण पोलीस येईपर्यंत गाडी निघून जाणार होती. धनराजनं हर्षालीच्या खांद्यावर हात ठेवला. ती दोन पावलं गाडीकडं चालली.

हौसाक्कानं गिरणीचं बटण बंद केलं.

गिरणीचा पट्टा सावकाश थांबला आणि सगळीकडं एकदम शांत झालं. हौसाक्का हर्षालीपुढं जाऊन उभी राहिली. "थांब बाळ. तू सांग. तुला जायचंय?"

हर्षाली खाली बघत होती.

"लहान आहे ती, तिला काय विचारता," धनराज म्हणाला. "तिला काय आठवणार?"

हर्षालीनं मान वर केली. माझ्याकडं नाही पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

"कोठी आठवते," ती म्हणाली.

धनराजचा हात तिच्या खांद्यावरून निघाला.

"धान्याची पत्र्याची कोठी. मागच्या खोलीतली. तुम्ही मला आत घातलं होतं आणि झाकण लावून वर बसला होतात." ती अगदी हळू बोलत होती, वर्गात उत्तर द्यावं तशी. "मी आतून ठोकत होते. तुम्ही सुपारी कातरत होतात. मला अडकित्त्याचा आवाज येत होता. मम्मी बाहेर पाया पडत होती. तुम्ही तिला म्हणत होतात, आता सांग, माहेरी जाशील का पुन्हा न विचारता?"

रांगेतल्या एकीनं हातातला डबा खाली ठेवला.

"शाळेत तुम्ही आलात तेव्हा मी हो म्हटलं," ती म्हणाली, "कारण बाईंना तुम्ही काही केलं असतं. पण मी तुम्हाला म्हटलं ना, मम्मीला घेऊ या. म्हणून तुम्ही इकडं आलात."

तेव्हा मला कळलं. घाटाच्या रस्त्यानं जाऊ शकणारी ती गाडी बाजारातल्या गर्दीत, दळणाच्या रांगेसमोर, माझ्या लेकीनं आणली होती.

मग मला बोलता आलं. काय काय बोलले, क्रम आठवत नाही. एवढं आठवतं की मी ओरडत होते. कोठीबद्दल बोलले. त्यानंतर तिला श्वास घेता येईना म्हणून जळगावच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं दमा म्हणून सांगितलं, ते बोलले. माझ्या पाठीबद्दल बोलले. त्याच्या मनाविरुद्ध काही झालं की तो कधीच हात उगारायचा नाही आधी, आधी तो हसायचा, हे बोलले. रांगेतल्या बायका ऐकत होत्या. नवरा वारला हे मी का सांगितलं, तेही बोलले. वारला म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

धनराजचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. रागात त्याची गावची बोली वर यायची. "थांब तुले दाखवतो," तो म्हणाला आणि माझ्याकडं आला.

हौसाक्का मधे आली. तिनं त्याला हातही लावला नाही. फक्त त्याच्या मनगटावरून दप्तराचा पट्टा सोडवला, एकेक वेटोळं, आणि दप्तर हर्षालीकडं दिलं. "बस खुर्चीवर," ती म्हणाली. "च्या प्यालास ना माझा? आता पोलीस येईस्तोवर बस. मी बगतो कुठं जातोस ते."

त्यानं गाडीकडं पाहिलं. दोघी-तिघींनी दळणाची पोती ओढून चाकांपुढं टाकली होती. "जा बाई" म्हणणारी म्हातारी त्यातल्याच एका पोत्यावर बसली होती.

पोलीस आले. पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही. तक्रार, जबाब, वकील, तारखा. जळगावच्या त्या डॉक्टरांचा कागद मिळवायला मीनलताईंचे मिस्टर दोनदा जाऊन आले. धनराजला आमच्या जवळ फिरकायला कोर्टानं मनाई केली, आणि नंतर घटस्फोटही झाला. त्याच्या बाजूनं दोन तारखांना त्याची आई आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण हर्षालीकडं बराच वेळ बघत होती.

ब्लॉग पुसला तरी ते उत्तर कित्येक आठवडे तसंच येत राहिलं. मी रोज बघायची. रोज माझा पत्ता तिथं असायचा आणि रोज मला जिन्यावर पावलं ऐकू यायची. एकदा एक म्हातारं जोडपं खरोखरच आलं, बिबडे मागायला. मी त्यांना दार उघडलं तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. ते बिचारे बघतच राहिले. घर बदलावं असं खूप वाटलं. पण गाव बदललं तरी पुन्हा कुणाला तरी काहीतरी खोटं सांगावं लागणार होतं.

वर्षभरानं मी पुन्हा लिहायला लागले. या वेळी पहिल्याच पानावर नाव लिहिलं, गाव लिहिलं. मी इथं का आले तेही लिहिलं, आणि कोर्टानं कुणाला माझ्याजवळ यायला मनाई केली आहे तेही. आता कुणी विचारलं, बिबड्यांच्या ताई कुठे राहतात, की ते यंत्र एवढं सगळं सांगतं. भीती गेली असं म्हणणार नाही. एकोणीस पासिंगची गाडी दिसली की अजून मी आधी आरशाला काय लटकलंय ते बघते. पण त्या गाडीत बसलेल्या माणसालाही आता तेच उत्तर वाचायला मिळतं.

त्या शनिवारी पोलीस ठाण्यातून आम्ही चालतच घरी निघालो. बाजार उठला होता. रस्त्यावर कोबीची पानं, फाटके कागद. मीनलताई बिबडे न घेताच कोल्हापूरला परत गेल्या होत्या. हर्षाली माझ्या पुढं चालत होती, दप्तर पाठीला. मी तिला हाक मारली. ती थांबली.

"तुला सगळं आठवत होतं," मी म्हटलं. "मी विचारलं होतं तेव्हा नाही म्हणालीस."

तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर सरकवला.

"तू विचारलंस तेव्हा तुझे हात थरथरत होते," ती म्हणाली. "मी नाही म्हटल्यावर ते थांबले."